सुगीत कुणी दागिना मोडत नाही

ती. आई-अण्णा,
सा. न. वि. वि.

मागच्या खेपेला शेजारच्या काकूंनी विचारलं, "पोरगी तिकडं पुण्याला करती तरी काय?" आणि आई, तू म्हणालीस, "पाव फुगवायच्या यीस्टचं काहीतरी." ते खरंच आहे, पण अर्धं. उरलेलं फोनवर सांगायला जमत नाही, म्हणून हे पत्र.

अण्णा, २०१६ चा उन्हाळा आठवतो ना? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आपला बोअर कधीचाच आटला होता. कडब्यासाठी तुम्ही आईची बोरमाळ मोडायला काढलीत. चुलीपुढं बसून आईनं पदरात एकेक मणी मोजला, दोन बाजूला ठेवले, बाकीचे तुमच्या रुमालात बांधून दिले. बैल जगले त्यावर.

यीस्टची पेशी हेच करते. बाहेरून नायट्रोजन मिळेनासा झाला की आतलाच माल मोडायला काढते. जुनी प्रथिनं आणि इतर ऐवज दुहेरी पडद्याच्या पिशवीत भरते आणि ती पिशवी रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या एका मोठ्या पोकळीत, नेऊन रिती करते. तिथं त्याचे तुकडे होतात आणि त्यातून लागतील ती नवी प्रथिनं घडतात, सोनाराच्या मुशीत जुनं सोनं जातं तसं. याला ऑटोफॅजी म्हणतात. योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञांनी तुकडे करणारी प्रथिनंच नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं, तेव्हा न मोडलेल्या पिशव्या रिक्तिकेत साचून मायक्रोस्कोपखाली थरथरताना दिसल्या. हे १९९२ चं. नोबेल त्यांना मिळालं ते आपल्या त्याच दुष्काळाच्या वर्षी, ऑक्टोबरात.

मला मात्र मोडण्यापेक्षा मोडायचं कधी, हे ठरवणं मोठं वाटतं. सुगीत कुणी दागिना मोडत नाही. पेशीत हे भान टॉर नावाचं प्रथिन राखतं. अन्न मुबलक असतं तोवर ते एटीजी-१३ या, मोडण्याचं काम सुरू करणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचे छोटे रासायनिक तुकडे चिकटवून त्याला अडवून धरतं. अन्न तुटलं की टॉर थंडावतं, फॉस्फेट उतरतात, आणि एटीजी-१३, एटीजी-१७ व एटीजी-१ ही प्रथिनं एकत्र येऊन कामाला लागतात. पिशवी केवढी होणार, हे बरंचसं एटीजी-८ हे प्रथिन किती आहे त्यावर. रॅपामायसिन नावाचं औषध टॉरला गप्प करतं. मग भरल्या ताटावरची पेशीही दुष्काळ पडल्यासारखी वागते. आणि ज्या पेशींना मोडताच येत नाही, त्या उपासमारीत आधी मरतात.

गेल्या आठवड्यात एटीजी-८ ला हिरवं चमकणारं प्रथिन जोडून मी पेशी उपाशी ठेवल्या. रात्री दीडला बघितलं. आधी कडेला एकेक हिरवा ठिपका होता, आणि पुढच्या काही तासांत अख्खी रिक्तिका हिरवी उजळली. आई, मला तुझी मणी मोजणारी बोटं दिसली गं. लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं, मी रडून घेतलं.

दिवाळीला येते. अण्णा, तुम्हाला ते फोटो मोठे करून दाखवीन, बीपीची गोळी तेवढी चुकवू नका. आणि आई, ते दोन मणी अजून तांदळाच्या डब्यातच आहेत ना? मला एकदा हातात घेऊन बघायचेत.

तुमची लेक