योता नदीकाठच्या घराविषयी

तीर्थरूप बाबा व तीर्थस्वरूप आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आम्ही इथे स्वीडनमध्ये योता नदीच्या खोऱ्यात घर घेतल्याचे कळताच तुम्ही एवढेच विचारलेत की पाया कशात आहे. आई तर पुढे बोललीच नाही. करार झालेला आहे. आधी सांगितले असते तर विहिरीच्या वेळेसारखी तुमची झोप उडाली असती, म्हणून जमिनीची सगळी तपासणी उरकूनच कळवायचे आम्ही दोघांनी ठरवले.

इथली जमीन सरकते असे तुम्ही वाचलेत, ते खरे आहे. योता नदी व्हेनेर्न सरोवरातून निघून सुमारे ९३ किलोमीटरांवर गोथेनबर्गला समुद्राला मिळते आणि तिचे खोरे भूस्खलनासाठी बदनाम आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाच्या भाराने दबलेल्या या भूमीवर समुद्र शिरला आणि खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे जाड थर साचले. पुढे भार हटल्यावर जमीन वर आली, पावसाच्या व भूजलाच्या गोड्या पाण्याने मातीतले मीठ हजारो वर्षे धुतले गेले आणि कणांचा परस्परांवरील धरबंध सुटत गेला. आई, कवडीदार दही डाव फिरवताच पातळ होते ना, तशी ही माती धक्क्याने एकाएकी वाहू लागते. सुर्ते येथे १९५० मध्ये, योता गावात १९५७ मध्ये आणि तुव्हे येथे १९७७ मध्ये असेच झाले. तुव्ह्यात नऊ माणसे गेली. बाबा, तुम्ही माळीणची आठवण काढलीत, पण तिथे उभा डोंगर होता. इथे जवळजवळ सपाट जमीनही सरकते, नदीने काठ पोखरला किंवा कुणी भलत्या जागी भराव टाकला तरी पुरते.

आपले घर मात्र कुंगेल्व गावाच्या वरच्या अंगाला, उघड्या खडकावर आहे. खाली नदीला दोन फाटे फुटतात, त्या फाट्यावरचा बोहुस किल्ला चौदाव्या शतकापासून अशाच कातळावर उभा आहे. ऑफिसचा रस्ता खोऱ्यातून जातो, हे लपवत नाही. पण सरकारी भूतंत्र संस्थेने या खोऱ्यातील धोक्याच्या जागांचे नकाशे केले आहेत आणि ते पाहूनच आम्ही जागा निवडली. कालव्याच्या कामावर तुम्ही माझ्या तळहातावर ओली माती ठेवून, चिकणमाती ओळखण्यासाठी तिची वळी करायला शिकवले होतेत. इथे अंगणात वळण्याजोगी माती मिळाली नाही, तेव्हा मला हायसे वाटले.

घर घेतले म्हणजे पुण्याला पाठ फिरवली, असे कृपा करून समजू नका. तुमची खोली तळमजल्यावर आहे, जिना चढावा लागणार नाही, आणि हिवाळ्यातही घर उबदार राहते. बाबा, रात्री मोबाइलवर दरडींची चित्रे पाहणे बंद करा, रक्तदाबाची गोळी जेवणानंतर लगेच घ्या. आई, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढून घे, पुढच्या नको. जूनमध्ये यायचे आहे, तेव्हा दोघांच्या पासपोर्टची मुदत पाहून मला कळवा.

तुमची,
ताई