एमडीएन लिहिणाऱ्यांना, सांगलीहून

एमडीएन वेब डॉक्सच्या सर्व लेखकांना, तपासनिसांना आणि स्वयंसेवकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणालाही मी भेटलेलो नाही, तरी वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी तुम्ही लिहिलेल्या या मोफत संदर्भपानांचा एक टॅब माझ्या ब्राउझरमध्ये कायम उघडा असतो. मी सांगलीत वेबसाइट्स बनवतो. पतसंस्था, वाचनालयं, शाळा आणि द्राक्ष बागायतदारांचे गट हे माझे ग्राहक. संध्याकाळी काही मुलामुलींना एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबपानं बनवण्याच्या भाषा शिकवतो. या दोन्ही कामांत तुमचा जो हात लागला आहे, त्याबद्दल हे पत्र. मराठीत लिहितोय, कारण इथल्या नव्या डेव्हलपरांनीही ते वाचावं आणि तुमची पानं उघडावीत अशी फार इच्छा आहे.

पतसंस्थेचंच काम घ्या. ठेवींचे आकडे दाखवायचे, तर स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशेबाने पडायला हवेत. तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम पडला की आमचा सभासद ताळेबंद वाचताना अडखळतो. यासाठी कितीतरी जण स्वतःचं फंक्शन लिहितात, रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं) जुळवत बसतात. आकडे त्या-त्या भाषेच्या पद्धतीने मांडणारी 'इंटल.नंबरफॉरमॅट' ही जावास्क्रिप्टमधली सोय आहे; तिच्या तुमच्या पानावर भारताचं उदाहरण दिलेलंच आहे, १,२३,००० असं उत्तर दाखवणारं. त्याच्या आधाराने मी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाचा संकेत, मराठीचं दिलं आणि बारा लाखांचा आकडा १२,३४,५६७ असा, थेट देवनागरी अंकांत उमटला. दुसऱ्या कुणाच्या तयार कोडची एकही लायब्ररी जोडावी लागली नाही. ही सोय ब्राउझरमध्ये आधीपासून होती. ती आहे हे कुणीतरी नीट लिहून ठेवलेलं असल्यामुळे ती मला वापरता आली.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या वळणाची. मराठीत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितो, हिंदीत त्यांची वळणं वेगळी. बऱ्याच चांगल्या देवनागरी फॉन्टांमध्ये दोन्ही आकार असतात, पण पान कोणत्या भाषेतलं आहे हे ब्राउझरला सांगितलं नाही तर बहुधा हिंदी वळण दिसतं. वाचनालयाच्या जुन्या सभासदांना ते लगेच खटकतं. हे कोडं मला सीएसएसमधल्या 'फॉन्ट-लँग्वेज-ओव्हरराइड' या गुणधर्माच्या तुमच्या पानावर सुटलं. तिथे मराठीचा उल्लेखही नाही. उदाहरण आहे तुर्की भाषेचं: तुर्कीत टिंब असलेला आय आणि टिंब नसलेला आय ही दोन वेगळी अक्षरं, त्यामुळे एफ आणि आय जोडताना टिंब गिळून चालत नाही. पानाची भाषा सांगणाऱ्या, एचटीएमएलच्या 'लँग' या गुणधर्मावरून ब्राउझर त्या भाषेसाठी घडवलेली अक्षरं निवडतो, असं तिथे सरळ शब्दांत लिहिलंय. मी पानाच्या वरच्या ओळीत भाषा मराठी केली आणि ल, श जागच्या जागी आले. तुर्की वाचकांचा विचार करून कुणीतरी लिहिलेला परिच्छेद सांगलीच्या वाचनालयाच्या कामी आला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

असंच 'मराठी' या शब्दाची लांबी मोजण्याचं. जावास्क्रिप्टची 'लेंग्थ' पाच सांगते, कारण काना आणि वेलांटी तिथे वेगळे एकक म्हणून मोजले जातात. मजकुराचे तुकडे पाडणारा 'इंटल.सेगमेंटर' मात्र म, रा, ठी अशी तीन अक्षरं देतो. नावाच्या रकान्याला मर्यादा घालताना हा फरक माहीत असावाच लागतो, आणि दोन्ही पानांवर तो नीट समजावलेला आहे.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पानाच्या तळाचा ब्राउझरांचा तक्ता. आमच्याकडे साइट उघडली जाते ती जुन्या अँड्रॉइड फोनवर, कधी सॅमसंगच्या ब्राउझरमध्ये, कधी एखाद्या ॲपच्या आतच. तुमच्या तक्त्यात अँड्रॉइडवरचं क्रोम, सॅमसंग इंटरनेट आणि वेबव्ह्यू (ॲपच्या आत पान दाखवणारा ब्राउझर) यांचे रकाने वेगवेगळे आहेत. कोणती सोय कोणत्या आवृत्तीपासून चालते हे तिथे एका नजरेत कळतं. २०२३ पासून पानांवर 'बेसलाइन'ची खूणही दिसते. एखादी सोय क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत येऊन तीस महिने झाले की ती 'सर्वत्र उपलब्ध' ठरते. ग्राहकाला 'हे आत्ता नको, अजून थोडं थांबू' असं सांगायचं असेल तर मी ती खूणच दाखवतो. सरकत्या सूचनेची पट्टी मागणाऱ्यांना, ती बनवणाऱ्या 'मार्की' या जुन्या टॅगच्या पानावरचा 'वापरू नका' असा इशारा दाखवतो. माझ्या मतापेक्षा त्या पानाला जास्त वजन असतं, आणि तसंच असायला हवं. हा तक्ता भरायला किती चिकाटी लागत असेल! त्यामागची सगळी माहिती तुम्ही खुली ठेवली आहे आणि इतरांची साधनंही ती वापरतात.

ही पानं आपोआप उगवलेली नाहीत, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. नेटस्केप या जुन्या ब्राउझर-कंपनीची 'डेव्हएज' ही डेव्हलपरांसाठीची साइट बंद पडल्यावर तिथला मजकूर वापरायची परवानगी फायरफॉक्सवाल्या मोझिलाने नेटस्केपची मालक कंपनी एओएलकडून मिळवली आणि २००५ मध्ये हे काम उभं राहिलं. २०१७ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट, सॅमसंग आणि वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था याच जागी लिहायला एकत्र आले. ब्राउझरच्या बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी दस्तऐवज मात्र एकच ठेवायचा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मग ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांची कपात केली आणि त्यात एमडीएनचे बरेच लेखक गेले. ती बातमी वाचून मला खरंच धास्ती वाटली होती. पण काम थांबलं नाही. त्याच डिसेंबरात सगळा मजकूर गिटहबवर, म्हणजे कुणालाही बदल सुचवता येतील अशा कोडच्या साइटवर, आला, जानेवारी २०२१ मध्ये 'ओपन वेब डॉक्स' हा वेबच्या दस्तऐवजांना पाठबळ देणारा उपक्रम सुरू झाला आणि लिहिणाऱ्यांना पुन्हा पगार मिळू लागला. त्या महिन्यांत ज्यांनी पानं जिवंत ठेवली, त्यांचे विशेष आभार.

शिकवण्याबद्दलही सांगायलाच हवं. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं मराठी माध्यमाची. तुमची पानं मराठीत नाहीत, पण तुमचा परवाना उदार आहे: श्रेय द्या आणि तुम्हीही त्याच अटीवर पुढे वाटा. २० ऑगस्ट २०१० पासूनची कोडची उदाहरणं तर सार्वजनिक मालकीचीच, कुणीही वापरावीत. त्यामुळे मी निर्धास्तपणे मराठी टिपणं करतो. यादी क्रमाने लावणाऱ्या 'सॉर्ट'चं पान शिकवताना तुमचंच उदाहरण घेतो: १, ३०, ४, २१, १००००० हे आकडे क्रमाने लावायला सांगितले की उत्तर येतं १, १०००००, २१, ३०, ४. परवा एका मुलीने ते पाहिलं, आकडे बदलून पुन्हा चालवलं, परत बदललं, आणि मग म्हणाली, "सर, हा आकड्यांना शब्द समजून लावतोय." मी काहीच सांगितलं नव्हतं. पानावरच कोड बदलून चालवता येतो, म्हणून ते तिचं तिला सापडलं.

शेवटी तुमच्यातल्या एका तपासनिसाचे आभार. त्यांचं नाव लिहीत नाही. मी एका पानावरचं वाक्य सुधारून पाठवलं होतं. त्यांनी ते स्वीकारताना दोन शब्द कमी केले, का कमी केले ते दोन ओळींत लिहिलं आणि शैलीच्या नियमांचा दुवा दिला. स्पष्ट, थोडक्यात, सगळीकडे एकसारखं: हे तीन नियम आता माझ्या टिपणांनाही लागू आहेत. कुठल्या कोपऱ्यातून कोण काय पाठवतो याची चौकशी न करता त्यांनी माझ्या एका वाक्याला इतका वेळ दिला.

ॲरेची (जावास्क्रिप्टमधल्या याद्यांची) टिपणं पूर्ण होत आली आहेत. पुढे फॉर्मची घेणार आहे. प्रत्येकावर तुमचं श्रेय आणि मूळ पानाचा दुवा आहे.

मनःपूर्वक आभार.

आपला,
सांगलीचा एक वेब डेव्हलपर