मारव्याची दोन चित्रे आणि एक बातमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या टिळकवाडीत भरलेल्या एका चित्रकार दांपत्याच्या प्रदर्शनाची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. दीपप्रज्वलन, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागत, आभार अशी सगळी नावे तीत होती. चित्रांविषयी मात्र ‘संगीत व निसर्ग यांचा सुरेख संगम’ एवढेच शब्द होते आणि शेवटी, पतीच्या कलाप्रवासात पत्नीची ‘मोलाची साथ’ लाभल्याचा उल्लेख होता. हे पत्र त्या शेवटच्या वाक्यापायी लिहीत आहे, कारण मी प्रदर्शन दोनदा पाहिले असून तेथील निम्म्याहून अधिक चित्रे त्या बाईंची आहेत.

रागांची चित्रे काढणे आपल्याकडे नवे नाही. दख्खनमध्ये १६ व्या शतकाच्या अखेरीसही रागमाला, म्हणजे रागांच्या चित्रमालिका, रंगवल्या जात होत्या. पण तेथे राग म्हणजे कोणी नायक वा नायिका असे, तोडी म्हटली की वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणे. या दोघांच्या चित्रांत माणूस कोठेच नाही. आहे तो आपला खानापूर तालुका: जांबोटीच्या वाटेवरची तांबडी माती, कणकुंबीचा पाऊस, कापणी झालेली भातशेते.

मारवा हा संध्याकाळचा राग दोघांनीही काढला आहे आणि ती दोन चित्रे शेजारी शेजारी टांगली आहेत. पतींच्या कॅनव्हासवर मावळतीचा केशरी रंग आहे आणि खाली शेताची सरळ, काळी रेघ. बाईंच्या जलरंगात संध्याकाळ तीच आहे, पण जमीन नाही. आकाश खाली उतरत येते आणि जेथे क्षितिज असायला हवे तेथे रंग विरून नुसता कोरा कागद उरतो. पहिल्या दिवशी मला ते चित्र अपुरे वाटले. घरी आल्यावर लक्षात आले की मारव्यात पंचम (प) वर्ज्य असतो, गाणारा षड्जावरही, म्हणजे मूळ ‘सा’वरही, फारसा विसावत नाही, कोमल ऋषभ (रे) आणि धैवत (ध) यांच्याभोवतीच रेंगाळतो, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला बराच वेळ पाय टेकायला जागा मिळत नाही. ती हुरहूर बाईंनी क्षितिजरेषा गाळून दाखवली आहे. दुसऱ्यांदा गेलो तो केवळ हे ताडून पाहण्यासाठी.

मेघ रागाच्या चित्रात त्यांनी रंग ओला असतानाच जाडे मीठ भुरभुरले आहे. मीठ भोवतालचे पाणी ओढून घेते आणि वाळल्यावर निळ्या-करड्या रंगात पांढुरकी फुले उमटतात. जवळून ते खडे मीठ झाडून टाकल्याचे डाग दिसतात, चार पावले मागे सरले की कौलांवर तडतडणारा पाऊस. पतींचा मेघही चांगला आहे, मात्र त्यातला मोर मला रुचला नाही. तो दिनदर्शिकेवर शोभला असता. त्यांची खरी ताकद झाडांत आहे, विशेषतः भैरव रागाच्या चित्रात, जेथे धुक्यातून एकेक बुंधा वर येतो.

साथ हा शब्द गाण्यात मानाचाच आहे आणि तबलजीची साथ नसली तर मैफल कशी उघडी पडते हे ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. पण येथे दोघेही मुख्य गायक आहेत आणि दोघांची गायकी वेगळी आहे. गायक कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली याच जिल्ह्यातील सुळेभावीचा. ‘गीतवर्षा’सारख्या कार्यक्रमांतून त्यांनी एकेका ऋतूची गाणी गुंफली. अशा जिल्ह्यातील वाचकाला चित्रातला राग कळणार नाही, असे बातमीदाराने का मानावे? प्रदर्शनातील नावांच्या पट्ट्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत आहेत (बाईंचे माहेर धारवाडचे), आणि दोन्ही भाषांतले लोक चित्रांपुढे उभे राहून रागांची नावे घेत बोलत होते. कोणालाही भाषांतर करून सांगावे लागत नव्हते.

प्रदर्शन रविवारपर्यंत खुले आहे. पाहुणे नसतील अशा एखाद्या दुपारी आपला प्रतिनिधी तेथे पाठवावा आणि बाईंचा उल्लेख चित्रकार म्हणून करावा, ही विनंती. छायाचित्र छापणार असाल तर मारव्याच्या त्या दोन चित्रांचे, एकत्र, आणि रंगीत पानावर छापावे. कृष्णधवल छापल्यास बाईंच्या चित्राच्या जागी वाचकांना रिकामी चौकटच दिसेल.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव