पहिला आठवडा कामाचं नाव काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांचं पत्र होतं, की चर्चची पोरंपोरी सुट्टीत दोनतीन आठवडे आफ्रिकेत सेवेला म्हणून जातात ती नुसती पिकनिक असते, फोटो काढून येतात, त्यापेक्षा विमानाचे पैसे तिकडे पाठवा, तिथल्याच गवंड्याच्या हाताला काम मिळेल. आमच्या चर्चच्या मंडळीत बरेच जण ते वाचून तापले. मी काय तापले नाही, कारण अर्धं पत्र मला पटलं. पण मी स्वतः अशाच एका टीमबरोबर केनियात जाऊन आलेय, मोंबासाच्या वर किलिफीकडे, समुद्रापासून जरा आत एका खेड्यात, म्हणून उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिते. लांबलं तर खुशाल कापा.

आधी एक सांगून टाकते कारण आपल्याकडे मिशन म्हटलं की लगेच कपाळाला आठ्या. तिथे कोणाला ख्रिस्ती करायला आम्ही गेलो नव्हतो आणि ते शक्यही नव्हतं, कारण ज्यांच्याकडे उतरलो ते आमच्यापेक्षा जुने आणि आमच्यापेक्षा नियमाने चर्चला जाणारे. मोंबासाजवळ रबाईला पहिलं मिशन 1840च्या दशकातलं. आणि गंमत म्हणजे त्यात आपला नाशिकचा हात आहे. अरबांच्या गुलाम नेणाऱ्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं इंग्रजांनी मुंबईला आणली, त्यातली बरीच नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकाम लोहारकाम शिकली, आणि पुढे 1875च्या आसपास मोंबासाला लागून सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाऊन वसवलं तेव्हा हीच मंडळी तिकडे मास्तर, कारागीर, पुढारी म्हणून गेली. त्यांना तिकडे बॉम्बे आफ्रिकन म्हणायचे. फ्रेअर म्हणजे आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहिलेले तेच बार्टल फ्रेअर. तर तिथल्या पाळकसाहेबांनी मला चहा द्यायच्या आधी काय विचारलं असेल, तर तुमचं गाव नाशिकपासून किती लांब!

आता मुद्द्याचं. आमच्या टीमकडे मुंबईहूनच छापून आणलेला प्रोग्रॅम होता, दुसऱ्या दिवसापासून भिंती रंगवणे, मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, स्किट, संध्याकाळी भजनं, आणि मी रिटायर्ड नर्स म्हणून माझ्या नावावर बीपी-शुगरचा कॅम्प. पाळकबाईंनी तो कागद वाचला, घडी घातली आणि बरणीखाली ठेवून दिला. म्हणाल्या पोले पोले, म्हणजे तिकडच्या स्वाहिली भाषेत हळूहळू. कॅम्पचं म्हणाल तर गावात सरकारी दवाखाना आहे, तिथे नर्स आहे, आणि परदेशी नर्सने त्यांच्या कौन्सिलच्या परवान्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही असा तिकडे नियम आहे, आणि तो बरोबरच आहे, उद्या कोणी परदेशी बाई येऊन आपल्या पीएचसीत सुई टोचायला लागली तर आपल्याला चालेल का. मग मी कुठे गेले तर स्वयंपाकघरात.

आणि खरं सांगते मी तिथे रुळले ती त्या स्वयंपाकघरात. तिकडच्या किनाऱ्यावर सगळ्यात नारळ, भात नारळाच्या दुधात, राजमा नारळात, मासे नारळात, सकाळी महाम्री नावाचे गोडसर तळलेले वडे आणि त्याबरोबर तूर, तीही नारळात. पण खवायला आपली विळी नाही. एक बुटकं घडीचं लाकडी स्टूल असतं, त्याच्या तोंडाला दातेरी लोखंडी पातं, बाई त्यावर बसते आणि पायांच्या मधे खाली ताट ठेवून नारळाची वाटी दोन्ही हातांनी पात्यावर फिरवते. त्याला म्बुझी म्हणतात म्हणजे बकरी. मी बसले तेव्हा सगळ्या बायका हातातली कामं सोडून बघायला उभ्या राहिल्या, आणि करवंटीची काळी साल न येता निव्वळ पांढरा कीस पडतोय म्हटल्यावर एकीने दुसरीला कोपर मारलं. त्या दिवसापासून मला पाहुणी म्हणून खुर्ची देणं बंद झालं. त्यानंतर बायका आपणहून बोलायला लागल्या, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचं बीपी आहे पण गोळी मधेच सोडलीय. गोळी सोडलेल्या बाईला तिथल्या नर्सकडे हात धरून नेलं, माझा कॅम्प म्हणाल तर एवढाच.

पोरांचं वेगळं. पहिले दोन दिवस मजेत, सगळं नवीन, उगालीचे पण फोटो (उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, चवीला काही नाही, कालवणाबरोबर बरी लागते). तिसऱ्याचौथ्या दिवसापासून तोंडं उतरली. एप्रिल संपत आलेला, आपल्याकडे अंगाची लाही होत असते आणि तिकडे तेव्हा मोठा पाऊस, छपरं माकुटीची म्हणजे आपल्यासारखी माडाच्या झापांची, रात्री बेडूक, पहाटे मशिदीची बांग, त्याआधी कोंबडा. वेळेचा फरक फक्त अडीच तासांचा त्यामुळे जेटलॅगला नाव ठेवायची पण सोय नाही. वीस लिटरचे पिवळे कॅन भरून पाणी आणायचं, अर्ध्या बादलीत आंघोळ. आपसात भांडणं सुरू झाली, कोणी कॅन उचलला नाही यावरून, आणि एका मुलीला जेवताना ताटात चपाती दिसली आणि रडूच फुटलं, तिकडे चपातीला चपातीच म्हणतात आणि घरोघरी करतात. हे सगळ्यांना होतं. आजारपण नाही, विश्वासात कमी पडणं तर मुळीच नाही. आठवडाभर झोप, पाणी आणि रोज ठरलेलं एखादं घरकाम मिळालं की पोटही ताळ्यावर येतं आणि डोकंही. घोळ होतो तो याच दिवसांत आपण त्यांना स्टेजवर उभं करतो म्हणून, दमलेली चिडलेली पोरं हसरे चेहरे करून नाच करतात आणि समोरची माणसं सौजन्याने टाळ्या वाजवतात. पत्रलेखक ज्याला पिकनिक म्हणतात ती हीच, आणि इथे माझं त्यांच्याशी एकमत.

स्वाहिली घड्याळ तर कोणीतरी आधी शिकवायलाच हवं होतं. त्यांचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. चर्चच्या फळ्यावर उपासना 3 वाजता लिहिलेलं, आमची अर्धी पोरं दुपारची म्हणून निवांत, आणि लोक सकाळी नऊला हजर. उपासना चालली दुपारपर्यंत. गाणी, ढोल, कायांबा नावाचं बियांचं सपाट खुळखुळं दोन्ही हातांत धरून हलवतात, आणि पाहुण्यांनी उभं राहून सलाम सांगायचा. पैसे नसतील तर लोक अर्पणात कोंबडी, अंडी, मका आणतात आणि शेवटी बाहेर त्याचा लिलाव, अगदी हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा होतो तसा, ओरडाआरडा, हशा, एकच कोंबडी घेणाऱ्याने परत दान केली म्हणून पुन्हा लिलावात. ज्यांच्याकडे रोख नाही ते एम-पेसाने देतात, मोबाईलवरून पैसे पाठवणं तिकडे 2007 पासून आहे, आपलं यूपीआय नंतरचं.

हर्णैचं नाव निघालंच आहे तर. कोकणाला मिशनरी काही नवीन नाहीत, 1823 साली स्कॉटिश मिशनची माणसं पहिल्यांदा बाणकोटला उतरली. ज्यांच्या नावाचं मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन 1829ला आले आणि पहिले काही महिने नवराबायको आमच्या हर्णैत मराठी शिकत राहिले. मग मुंबईला गेले आणि 1875ला तिथेच वारले. त्यांच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही, त्या काळचे ते साहेबलोक, पण आधी राहा, भाषा कानात जाऊ दे, मग तोंड उघड, एवढी अक्कल त्यांना होती. आम्हाला तीन आठवड्यात स्वाहिली येणार नाही हे मला कळतं. पण मोठ्या माणसाला नमस्कार म्हणून शिकामो म्हणायचं, ते मराहाबा म्हणेपर्यंत थांबायचं, एवढं तर घरून शिकून जाता येतं? आमच्यातल्या कितीकांना विमानात बसेपर्यंत ते माहीत नव्हतं, स्किटची प्रॅक्टिस मात्र दोन महिने.

तिथल्या मंडळीच्या हाताखाली राहायचं याला अजून एक कारण आहे. 2023 साली त्याच किलिफी जिल्ह्यात शाकाहोलाच्या जंगलात एका उपदेशकाच्या नादी लागून लोकांनी उपाशी मरणं पत्करलं, चारशेच्या वर प्रेतं निघाली, त्यात मुलं होती. तेव्हापासून बाहेरून आलेला कोणीही बायबल उघडून बोलायला लागला की लोक, पोलिस, सगळे कान टवकारतात. टवकारायलाच हवेत. म्हणून आपण काय बोलायचं, कोणाच्या घरी जायचं, हे तिथल्या पाळकांनी ठरवावं.

जाणाऱ्यांच्या आईवडलांसाठी थोडं कामाचं. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, ती ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि पिवळं कार्ड जपून ठेवा, नाहीतर परत येताना मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाची गोळी डॉक्टरांना विचारून जायच्या आधी सुरू करायची आणि घरी आल्यावरही सांगितलेले दिवस घ्यायची, आल्यावर सोडतात आणि मग ताप येतो. केनियाला 2024 पासून ऑनलाइन परवानगी लागते, त्या फॉर्मवर कशासाठी चाललोय ते खरं लिहा, पर्यटन लिहून कामाला जाऊ नका.

राहिला पैशाचा प्रश्न, पत्रलेखकांचा खरा सवाल तोच. पैसे पाठवावेतच, तिथल्या गवंड्याला काम मिळावंच, आणि भिंत रंगवायला तर आपलं कोणी जाऊच नये, रंगारी तिथे आहेत आणि आमच्या पोरांपेक्षा बरा हात मारतात. पण जाणंही बंद करू नका, फक्त पहिल्या आठवड्यात कामाचं नाव नको आणि नंतरचं काम त्यांनी सांगितलेलं असू दे. आणि एक माझी आमच्या कमिटीकडे जाहीर मागणी आहे, म्हणून हे पत्र पेपरात पाठवलं. वार्षिक सभेत ट्रिपचा जमाखर्च वाचतात त्यात तिकीट, लस, गिफ्ट सगळं असतं. आम्ही होतो तेवढे दिवस पाळकबाई आणि त्यांच्या मुली खाली चटईवर झोपल्या आणि मच्छरदाणीवाले पलंग आम्हाला दिले, आमच्यासाठी बाटलीचं पाणी विकत आणलं, कोंबड्या कापल्या, शेवटच्या दिवशी बोकड. तो खर्च यंदाच्या हिशोबात कुठेच नाही. तिथल्या पाळकांना विचारून तो आकडा आणा आणि जमेच्या बाजूला पहिल्या ओळीत लिहा.

एक वाचक,
हर्णै, ता. दापोली