वर्गातलं रुटीन पालकांनाही नीट सांगा

संपादक साहेब,

शाळा सुरू झाली की नियमांचा लांबलचक मेसेज येतो, तो शेवटपर्यंत वाचतं कोण देव जाणे. पण लहान मुलांचा वर्ग रुटीनवरच चालतो हो, आल्यावर दप्तर कुठे, डायरी कुठे, बोलायचं असेल तर हात वर, हे अंगवळणी पडलं की टीचरना शिकवायला वेळ उरतो आणि उशिरा आलेलं पोरगं नेमकं तेच मिस करतं, मग शेजारच्याकडे बघत बसतं. दप्तर मुलांनीच भरावं (बाबांनी तर नकोच, भलतीच वही टाकतात). ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप लागते, मग रात्री अकराला मोबाइल कशाला? आणि शाळांनीही सगळं एका पानात, सोप्या भाषेत द्यावं ना.

एक पालक