दगडफुलाची चाचणी अर्ध्यावर सोडू नका

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
स. न. वि. वि.

गोड्या मसाल्यासाठी आपण तेलावर परततो ते दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शैवालाचे सहजीवन. लायकेनच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या, असे शोधनिबंध वर्षानुवर्षे येत आहेत. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. अशी बातमी वाचून रुग्णांचे नातेवाईक मला विचारतात, ‘दगडफुलाचा काढा द्यावा का?’ नाही म्हणताना जीव तुटतो.

चाचणी साधी असते. खळग्याखळग्यांच्या तबकडीत पेशी वाढवायच्या, अर्क घालायचा, एक-दोन दिवसांनी एमटीटी हे पिवळे रसायन टाकायचे. जिवंत पेशी ते जांभळे करतात. जांभळा फिका पडला की अर्क लागू पडला. पण अर्कात अनेक रसायने असतात, त्यातल्या कुणी पेशी मारल्या ते कळत नाही. निरोगी पेशीही तितक्याच मरत असतील तर ते नुसते विष. झाडांवरून दाढीसारख्या लोंबणाऱ्या उस्निया या लायकेनमधले उस्निक आम्ल अशा चाचण्यांत बऱ्याचदा उजवे ठरते. तेच घातलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्यांनी लोकांच्या यकृताला इजा झाली आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला.

साहेब, आपल्याच खात्याच्या पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेत लायकेनच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे, नमुन्यांचा संग्रह आहे, लायकेन प्रयोगशाळेत वाढवण्याचे कामही तिथे झाले आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात कर्करोगविरोधी चाचण्यांची सोय आहे. या दोघांना जोडणारा, निदान पाच वर्षे टिकणारा निधी द्या. अर्कातून एकेक रसायन वेगळे करणे, ते निरोगी पेशींवर आणि मग प्राण्यांवर तपासणे हे काम वेळखाऊ आहे. आणखी एका नव्या अर्कापेक्षा त्याला झुकते माप हवे. हाती काही लागले नाही, तर तेही छापले जावे.

लायकेन फार सावकाश वाढतात, बऱ्याच जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाच्या मागणीपायी हिमालयातल्या थुनेरच्या झाडांची बेसुमार लूट झाली. महाबळेश्वरच्या झाडांवरील लायकेनवर ती वेळ यायला नको. म्हणून चाचणीपुरता नमुना सोडला तर पुढचा सगळा माल प्रयोगशाळेत वाढवलेलाच असावा, ही अट अनुदानाच्या पुढच्याच जाहिरातीत घालावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वनस्पतिशास्त्र शिक्षक