चालणं ही पळवाट नव्हे

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला पोस्टमॉडर्न नृत्यावरचा, म्हणजे चालणं-बसणं अशा रोजच्या हालचालींनाही नृत्य मानणाऱ्या प्रवाहावरचा लेख वाचला. 'ज्यांना नाचता येत नव्हतं त्यांनी काढलेली पळवाट' हे वाक्य काल दिवसभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

६ जुलै १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये ज्यांनी लेखात या नृत्याची सुरुवात म्हणून धरलेला तो कार्यक्रम केला, त्यांतला स्टीव्ह पॅक्स्टन तेव्हा नामवंत अमेरिकन नृत्यकार मर्स कनिंगहॅमच्या नृत्यकंपनीत नाचत होता. रॉबर्ट डनच्या नृत्यरचनेच्या ज्या वर्गातून हे सगळं उभं राहिलं, तो वर्गही कनिंगहॅमच्याच स्टुडिओत भरत असे. नाचता न येणारे म्हणे! शिवाय सुरुवात चर्चपासून धरायचं काय कारण? १९६० च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात नृत्यशिक्षिका ॲना हालप्रिन यांच्या घराजवळच्या, झाडांमधल्या लाकडी डेकवर याच प्रवाहातल्या इव्हॉन रेनर, सिमोन फोर्टी, ट्रिशा ब्राउन एकत्र होत्या. ब्राउनने तिथे झाडता झाडता लांब दांड्याचा झाडू असा जोरात रेटला की तिचं अंग क्षणभर हवेत आडवं झालं, असं पाहणारे सांगत आले आहेत. लेखात हालप्रिन यांचं नावसुद्धा नाही.

मी तीस वर्षं भरतनाट्यम शिकवते. पॅक्स्टनच्या १९६७ च्या 'सॅटिसफायिन लव्हर'मध्ये माणसं रंगमंचावरून नुसती चालत जातात, थांबतात, खुर्चीवर बसतात. त्यावरून मी एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात वीस मुलं आणि तिथल्या झाडलोट करणाऱ्या मावशी घेऊन एक रचना बसवली होती. मावशींचा डावा गुडघा वाकत नसे. निऱ्या चिमटीत धरून त्या निघाल्या, मधोमध थांबल्या, दम घेतला, पुन्हा निघाल्या. हॉल चिडीचूप झाला होता. तेवढ्यात आयोजकांनी विंगेतून 'गाणं लावा, गाणं लावा' म्हणत पडदा पाडला. मावशी पडद्याच्या पुढेच राहिल्या. नंतर मला विचारत होत्या, "बाई, माझं काही चुकलं का?"

इतक्या वर्षांनी तुमच्या लेखाने पुन्हा तेच केलं. चालणाऱ्याकडे नीट बघायच्या आधीच पडदा पाडला.

आणि एक. नृत्याच्या कार्यक्रमांच्या बातम्या तुम्ही कार्यक्रम होऊन गेल्यावर छापता. मागच्या महिन्यात माझ्या दोन विद्यार्थिनींचा कार्यक्रम असाच रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. निवेदन आठ दिवस आधी तुमच्या कार्यालयात मी स्वतः आणून दिलं होतं.

आपली,
एक नृत्यशिक्षिका, पुणे